वाचकांचे प्रश्न : जन्म, मृत्यू आणि चाकरमानी

प्रश्न : 2011 च्या जनगणनेत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या घटल्याचे वाचले. याचा अर्थ आमच्याकडे जन्मांपेक्षा मृत्यू अधिक होतात, असा घ्यावा का? आमच्या वाडीत गेल्या वर्षी बारशी दोन झाली आणि तेरावी पाच, म्हणून ही शंका.
— एक वाचक, ता. गुहागर

उत्तर : घट खरी आहे, पण एवढ्यावरून तसा अर्थ काढता येत नाही. रत्नागिरी जिल्ह्यात 2001 साली 16,96,777 माणसे होती, ती 2011 साली 16,15,069 झाली. सिंधुदुर्गात हाच आकडा 8,68,825 वरून 8,49,651 वर उतरला. या वजाबाकीत दोन निराळे हिशेब मिसळलेले असतात. जन्मांतून मृत्यू वजा केले की नैसर्गिक वाढ किंवा घट मिळते. आलेल्यांतून गेलेले वजा केले की स्थलांतराचा आकडा. रत्नागिरीची घट दर वर्षी हजारी सुमारे 5 पडते. समजा (आकडे केवळ हिशेबापुरते), हजार माणसांमागे 14 जन्म आणि 8 मृत्यू झाले, तर नैसर्गिक वाढ 6 ची झाली. परंतु त्याच वर्षी येणाऱ्यांपेक्षा जाणारे 11 ने जास्त असले, तर गोळाबेरीज उणे 5 वर येते. जनगणनेत दर हजार पुरुषांमागे रत्नागिरीत 1,122 आणि सिंधुदुर्गात 1,036 स्त्रिया आढळल्या, त्यामागे मुख्यतः हे जाणेच आहे. शिवाय ती गणना 9 ते 28 फेब्रुवारी या काळात झाली आणि शिमगा त्या वर्षी मार्चमध्ये आला, त्यामुळे पालखीला येणारे चाकरमानी तेव्हा गावात नव्हतेच.

आपल्या वाडीचे निरीक्षण मात्र चुकीचे नाही. पंचविशीत ठाण्या-कल्याणला गेलेले जोडपे आपल्या घरची पुढची बारशीही बरोबर घेऊन जाते आणि मागे राहतात ते म्हातारे आईवडील. अशा गावात आरोग्य कितीही चांगले असले तरी हजारी मृत्यूंचे प्रमाण चढेच दिसणार, म्हणून त्या एका आकड्यावरून दवाखान्याला दोष देण्याची घाई करू नये. स्थलांतर असे उशिरा का होईना, नैसर्गिक वाढीलाही कात्री लावते.

खरी अडचण नोंदीची आहे. 1969 च्या कायद्यानुसार जन्म किंवा मृत्यू जेथे घडतो तेथेच तो नोंदला जातो. कल्याणला नांदणारी लेक पहिल्या बाळंतपणाला चिपळूणला माहेरी आली, तर जन्म चिपळूणचा. ते मूल पुढच्या जनगणनेत मोजले जाणार ठाणे जिल्ह्यात. दोडामार्ग-सावंतवाडीचा रुग्ण बांबोळीच्या रुग्णालयात दगावला, तर तो मृत्यू गोव्याच्या दप्तरात जातो. उलट, निवृत्तीनंतर गावी परतलेला माणूस कमावत्या वयात एका जिल्ह्यात मोजलेला असतो, त्याचा मृत्यू मात्र दुसऱ्या जिल्ह्यात नोंदला जातो. अमेरिकेत काउंटीनिहाय (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) आकडेवारी करताना जन्म आईच्या आणि मृत्यू मृताच्या राहत्या काउंटीत धरतात, म्हणून मेनसारख्या राज्यात मृत्यूंनी जन्मांना मागे टाकलेल्या काउंट्या नकाशावर थेट दाखवता येतात. आपल्याकडे केवळ नोंदणीच्या ठिकाणावरून तसा जिल्हानिहाय नकाशा काढला, तर तो पुष्कळसा रुग्णालयांचाच नकाशा होईल.

प्रश्न : मग एखाद्या गावाला स्वतःचा हिशेब करता येईल का?
— एक वाचक, ता. देवगड

उत्तर : येईल, पण एका वर्षाचा करू नये. चाळीस घरांच्या वाडीत एका थंडीत तीन वृद्ध गेले तरी प्रमाण पालटते, तेव्हा निदान दहा वर्षांच्या नोंदी एकत्र घ्याव्यात. जन्माच्या नोंदीत आईवडिलांचे दोन पत्ते असतात, एक जन्माच्या वेळचा आणि एक कायमचा. ग्रामसेवकांच्या मदतीने पहिला पत्ता पाहून केवळ बाळंतपणापुरत्या आलेल्या माहेरवाशिणी वगळाव्यात आणि गावातली जी मुले तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी जन्मली, ती घरोघर विचारून मिळवावीत. मृत्यूंचेही तसेच करावे. हे विचारायला गणपतीचे दिवस सोयीचे, कारण एरवी कुलूप असलेली घरे तेव्हा उघडी असतात; मात्र ओटीवर बसलेल्या प्रत्येकाला गावकरी म्हणून मोजू नये.