‘वर्षाचा झाला, आता सीट सुलटी करायची ना?’

नाशिकच्या गंगापूर रोडवरील माझ्या समुपदेशन कक्षात नवे आई-वडील येतात ते बहुधा बाळाची झोप, खाणे आणि सासर-माहेरच्या कुरबुरी घेऊन. मागच्या डिसेंबरात आलेल्या एका कुटुंबाचा वाद मात्र मोटारीतील एका खुर्चीवरून होता. (ओळख पटू नये एवढे बदल तपशिलात केले आहेत.) तेरा महिन्यांचा मुलगा, पाथर्डी फाट्याजवळ राहणारे त्याचे आई-वडील, सोबत आजी, आणि दर पंधरा दिवसांनी आईच्या माहेरी, ठाण्याला होणारी फेरी. मुलाची कार सीट जन्मापासून मागे तोंड करून, त्यांच्या घरच्या शब्दांत ‘उलटी’, बसवलेली होती. पहिला वाढदिवस होताच वडिलांनी ती ‘सुलटी’ करायचे ठरवले, आईने ठाम नकार दिला, आणि गेल्या खेपेस कसारा घाट उतरेपर्यंत दोघांत एक शब्दही झाला नाही.

पहिला अर्धा तास मी हा प्रश्न नात्याचा आहे असे धरून चालले. घरात निर्णय कोण घेते, कोणाचे ऐकले जाते, अशा नेहमीच्या वाटेने मी त्यांना नेत राहिले. शेवटी आई वैतागून म्हणाली, ‘‘मॅडम, आमचं बाकी सगळं ठीक आहे हो. फक्त सीट कुठल्या बाजूला ठेवायची, ते सांगा.’’ तिने सीटवरील लेबलाचा फोटो दाखवला. मागे तोंड करून १३ किलोपर्यंत आणि पुढे तोंड करून ९ ते १८ किलो, असे त्यावर स्पष्ट छापलेले होते. मुलाचे वजन ९ किलो ८०० ग्रॅम होते. वडील ९ या आकड्यावर बोट ठेवत होते, तर आई १३ वर, आणि दोघांचेही वाचन बरोबर होते.

या प्रकारच्या सीट घेणारे पुष्कळ पालक इथेच अडखळतात. ९ किलो हा आकडा परवानगीचा आहे; त्याआधी सीट सुलटी करायचीच नाही, एवढाच त्याचा अर्थ. १३ किलो ही उलट्या बाजूची मर्यादा. मधल्या चार किलोंत दोन्ही गोष्टी चालत असल्या, तरी त्या सारख्याच सुरक्षित नाहीत, आणि लेबल ही गोष्ट सांगत नाही. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने पूर्वी दिलेली दोन वर्षांची वयोमर्यादा २०१८ मध्ये काढून टाकली आणि सीटची वजनाची किंवा उंचीची मर्यादा गाठेपर्यंत मूल मागे तोंड करूनच बसवावे, असे सांगितले. युरोपातील नव्या नियमानुसार पंधरा महिन्यांच्या आत पुढे तोंड करून बसवताच येत नाही. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-ब नुसार चौदा वर्षांखालील मूल पट्ट्याविना किंवा बालआसनाविना नेल्यास एक हजार रुपये दंड आहे. तोंड कोणीकडे असावे, याबद्दल ते कलम काही बोलत नाही.

उलटी सीट अधिक सुरक्षित असण्याचे कारण मानेत आहे. जन्मतः बाळाचे डोके शरीराच्या लांबीच्या सुमारे पाव भाग असते, मोठ्या माणसाचे जेमतेम आठवा भाग. वर्षाच्या मुलाचेही डोके शरीराच्या मानाने मोठेच असते, आणि मानेच्या मणक्यांतील हाडे अजून पुरती जुळलेली नसतात. समोरून धडक बसली की सुलट्या सीटमध्ये पट्टे खांदे धरून ठेवतात, पण डोके पुढे झेपावते आणि सगळा ताण मानेवर येतो. उलट्या सीटमध्ये तोच धक्का पाठ, मान आणि डोके मिळून सीटच्या पाठीवर झेलतात.

वडिलांनी विचारले, ‘‘आणि मागून ट्रकने ठोकलं तर?’’ प्रश्न रास्त होता. मागून धडकणारे वाहन बहुधा त्याच दिशेने जात असते, त्यामुळे दोन वेगांतील फरकाचाच धक्का बसतो. समोरून येणाऱ्या वाहनाच्या बाबतीत दोन्ही वेगांची बेरीज होते. पाय दुमडतात, ही त्यांची दुसरी तक्रार होती. पण या वयाची मुले मांडी घालून तासन्‌तास खेळतात. मग सीट पुढे आपल्या शेजारीच ठेवतो, म्हणजे तोंड दिसेल, असे ते म्हणाले, तेव्हा मात्र मला आवाज चढवावा लागला. चालू एअरबॅगच्या समोर उलटी सीट कधीही ठेवायची नाही, कारण उघडणारी एअरबॅग मुलाच्या डोक्यामागे असलेल्या सीटच्या पाठीवर थेट आदळते.

आजींचे दुःख वेगळे होते. ‘‘लेकराला सगळ्यांकडे पाठ करून बसवायचं, हे बरं दिसतं का? रडलं तर मी मांडीवर घेते ना.’’ मी त्यांच्याबरोबर हिशेब मांडला. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी अर्ध्या मीटरात थांबली, तर दहा किलोचे मूल हातांना सुमारे दोनशे किलोच्या जोराने ओढते. आजी निफाडच्या शेतकरी घरातल्या. त्या क्षणभर थांबून म्हणाल्या, ‘‘म्हणजे कांद्याच्या चार गोण्या.’’ मांडीचा विषय तिथे मिटला.

त्यानंतर आम्ही सगळे खाली पार्किंगमध्ये गेलो. खरे तर मी तिथूनच सुरुवात करायला हवी होती. मुलाच्या अंगात आजींनी विणलेला जाड स्वेटर होता आणि पट्टे त्यावरून अगदी घट्ट दिसत होते. पट्ट्यांची लांबी न बदलता स्वेटर काढून मुलाला पुन्हा बसवले, तर छाती आणि पट्ट्याच्या मध्ये माझा पंजा आरामात गेला. शिवाय सुलटी करण्याच्या तयारीत वडिलांनी पट्टे आधीच वरच्या खाचेत घेऊन ठेवले होते. उलट्या सीटमध्ये पट्टे खांद्याच्या पातळीला किंवा थोडे खाली हवेत, सुलट्या सीटमध्ये पातळीला किंवा थोडे वर. त्यांनी ते मुकाट्याने खाली घेतले आणि खांद्यापाशी पट्टा चिमटीत येईनासा होईपर्यंत आवळला. थंडीसाठी पांघरूण पट्ट्यांवरून घालायचे, असे ठरले. १३ किलो होईपर्यंत, किंवा डोक्याच्या वर सीटची पाठ अडीच सेंटीमीटरही उरत नाही तोवर, सीट उलटीच राहील, आजी मागे मुलाशेजारी बसतील आणि घाटाआधी इगतपुरीला थांबा होईल, हेही तिथेच उभ्या उभ्या ठरले.

मार्चमध्ये ते पुन्हा आले, तेव्हा वजन साडेदहा किलो होते. रडणे पूर्ण थांबलेले नाही, पण आजींचा चेहरा शेजारीच दिसतो म्हणून ते लवकर आवरते. पुढच्या थंडीसाठी त्यांनी स्वेटर न विणता, पट्ट्यांवरून पांघरता येईल अशी लहान शाल विणायला घेतली आहे.