नात्यात नसलेल्या माणसाचं सुतक

प्रश्न : ताई, नमस्कार. मी धरणगावचा, शेती आणि कृषी केंद्र बघतो. १९९९ साली बारावीला अमळनेरला कॉलेजात होतो, पॅसेंजरने जाऊन-येऊन. त्याच वर्षी गायक केकेचा ‘पल’ हा अल्बम आला. मी आणि माझा मित्र एकाच वॉकमनवर ऐकायचो, एक बोंडूक त्याच्या कानात, एक माझ्या. निरोप समारंभात त्यातलंच गाणं आम्ही दोघांनी म्हटलं. ३१ मे २०२२ ला केके गेला. तेव्हापासून त्याचं गाणं लागलं की मी उठून बाहेर जातो. मुलगी नववीत आहे, तिच्या मोबाईलवर केके वाजतो. ती विचारते, “पप्पा, तुम्हाला आवडत नाही का?” आई म्हणते, “आपला नातामा व्हता का तो?” खरं सांगतो, वडील गेले तेव्हाही मी असा हललो नव्हतो. माझ्यात काही खोट आहे का?

उत्तर : भाऊ, खोट अजिबात नाही.

आधी वडिलांचं बोलू, कारण तुमचा जीव तिथे जास्त अडकलेला दिसतो. वडील गेले त्या दिवशी तुम्हाला रडायला उसंत कोणी दिली? लाकडं, मंडप, नाशिक-सुरतेच्या पाहुण्यांना फोन, दारावर बसायला येणाऱ्यांचा चहा, मग दुखवटा संपवणारी गंधमुक्ती, उत्तरकार्याचा स्वयंपाक. आपल्या खान्देशात कर्त्या मुलाचं दुःख असं कामातच जातं, आणि ते काम म्हणजेच त्याचं रडणं असतं. केकेसाठी तुमच्या हाताला काहीच काम नव्हतं. कोणाच्या दारावर जाणार? गंधमुक्ती कुठे करणार? म्हणून ते तसंच राहिलं. त्यावरून वडिलांवरची माया मोजू नका.

तो परका होता, हेही मला पटत नाही. ‘तडप तडप’ आठवा, तेही १९९९ चंच. आवाज वर चढायच्या आधी तो श्वास कुठे घेतो, हे तुम्हाला आजही ठाऊक असेल. इतक्या जवळून आपण घरातल्या माणसालासुद्धा ऐकत नाही. आणि हा गायक तसा पडद्याआड राहणारा. मुलाखती मोजक्या, टीव्हीवर मिरवणं नाही. लोकांकडे त्याचा आवाजच होता, तोच तुमच्याकडे होता. कोलकात्यात नझरुल मंचावर कॉलेजच्या पोरांसमोर गाऊन तो हॉटेलवर परतला आणि गेला, अवघ्या ५३ व्या वर्षी. शेवटी ‘पल’चं शीर्षकगीतच गायला होता. हे वाचून तुम्हाला धक्का बसला नसता, तरच मला नवल वाटलं असतं.

माझं सांगते. ३१ जुलै १९८० ला रफीसाहेब गेले तेव्हा मी दहावीला होते, भुसावळला रेल्वे क्वार्टरमध्ये. दुसऱ्या दिवशी सकाळी रेडिओवर कळलं. मी जेवले नाही. आजी म्हणाली, पोरगी नाटकं करते. वडील गार्ड होते. ते ड्युटीवरून आले, पेटी खाली ठेवली, हातपाय धुतले आणि माझ्याजवळ बसले. समजावलं नाही. इगतपुरीच्या रनिंग रूममध्ये, म्हणजे गार्ड-ड्रायव्हरांच्या विश्रांतीच्या खोलीत, कोणतं गाणं कधी ऐकलं, पावसात गाडी घाटात थांबली तेव्हा ड्रायव्हर कोणतं गुणगुणत होता, हे सांगत बसले. मग आम्ही जेवलो. वडिलांची ती संध्याकाळ नसती तर रफी मला पुढे ऐकवले असते की नाही, कोण जाणे.

मुलीशी तुम्ही असं बसा. ती विचारतेय, म्हणजे दार तिनेच उघडलंय. पॅसेंजरचं सांगा, मित्राचं सांगा, निरोप समारंभात कुठे अडखळलात तेही सांगा. बोलताना आवाज भरून आला तर येऊ द्या. बापाला रडताना पाहून मुलीचं काही बिघडत नाही.

आणखी एक. तुमच्या पत्रात केके १९९९ मध्येच थांबलाय. तो त्यानंतर वीसहून जास्त वर्षं गात होता. ‘गँगस्टर’, ‘बचना ऐ हसीनों’, ‘बजरंगी भाईजान’, मुलीला बहुतेक या सिनेमांतलीच गाणी ठाऊक असतील. तमिळ-तेलुगूतही तो खूप गायला. ‘शेरदिल’मधलं ‘धूप पानी बहने दे’ तर तो गेल्यावर काही दिवसांतच, जून २०२२ मध्ये आलं, शब्द गुलजारांचे. ‘पल’ लगेच लावू नका, तिथे तुमची सतरा वर्षं बसलेली आहेत. सुरुवात या गाण्यापासून करा. त्यात तुमची जुनी आठवण कुठलीच नाही, नुसता केके आहे.

मित्राचं मात्र तुम्ही एका ओळीत उरकलंत. तो कुठे असतो, बोलणं आहे का, काहीच लिहिलं नाही. त्या वॉकमनचं दुसरं बोंडूक त्याच्या कानात होतं. केके गेला तेव्हा त्यालाही कोणी विचारलं नसणार. फोन करा त्याला. मेसेज नको, फोनच.