तंत्राचा तिढा : लाईट जाऊन आली की गेम साईन इनच होत नाही

प्रश्न : दादा, आमचं घर देवगड तालुक्यात, अगदी समुद्राजवळ. दीर गणपतीला मुंबईहून येताना त्याचा जुना पीएस३ (प्लेस्टेशन ३, टीव्हीला जोडून खेळायचं गेमचं मशीन) माझ्या मुलासाठी घेऊन आला. घरात फायबरचं वायफाय आहे, मोबाईल टीव्ही सगळं नीट चालतं, पण हा पीएस३ कधी साईन इन होतो कधी होत नाही. सासूबाईंचं एकच, त्या वायफायवाल्याक बोलवा. तो बिचारा येऊन राउटर बदलून गेला तरी तेच. वीज कडाडायला लागली की आम्ही सगळे प्लग काढून ठेवतो, त्यानंतर तर हमखास होत नाही, म्हणून हेही सांगून ठेवते. दुरुस्तीवाला म्हणतो मदरबोर्ड गेला. खरंच गेला असेल का?
– एक वाचक, देवगड

उत्तर : ताई, ते शेवटी 'सांगून ठेवते' म्हणून जे लिहिलंत ना, सगळी गोम तिथेच आहे. मदरबोर्डला आत्ताच हात लावू देऊ नका. आधी मशीनमधलं घड्याळ बघा, माझी खात्री आहे ते काहीतरी भलतंच जुनं साल दाखवत असणार.

होतं काय की पीएस३च्या आत एक बटणासारखा चपटा सेल असतो, सीआर२०३२. प्लग लावलेला असेल तर घड्याळ वायरीतल्या करंटवर चालतं, प्लग काढला की या सेलवर. मशीन २००६ साली बाजारात आलं, तेव्हा तुमच्याकडचं कितीही नंतरचं धरलं तरी सेल म्हातारा झालाय. मग प्लग काढला किंवा लाईट गेली की तारीख मागे जाऊन बसते. आता तारखेचा आणि साईन इनचा संबंध काय, तर जोडताना सोनीचा, म्हणजे पीएस३ बनवणाऱ्या कंपनीचा, सर्व्हर आपली ओळख म्हणून एक सर्टिफिकेट दाखवतो आणि त्यावर कधीपासून कधीपर्यंत चालेल ते लिहिलेलं असतं. तुमचं मशीन बसलंय जुन्या सालात, त्याच्या हिशेबाने ते सर्टिफिकेट अजून सुरूच झालेलं नाही. पुढच्या महिन्याचं रिझर्वेशन दाखवून आजच्या एसटीत बसायला गेलात तर कंडक्टर काय करेल, तेच मशीन करतं. वायफायवाल्याचा यात काडीचा दोष नाही, त्याला एक दिवस चहा पाजा.

घड्याळाचा घोळ किती मोठा होऊ शकतो तर १ मार्च २०१० ला जगभरातले जुने जाड पीएस३ एकदम अडकले होते, कारण त्यांच्या घड्याळाने २०१० हे लीप वर्ष धरलं. साधारण दिवसभराने तारीख पुढे सरकली आणि मशीनं आपोआप सुरळीत झाली.

तुम्ही करायचं एवढंच, सेटिंग्जमध्ये डेट अँड टाईममध्ये जाऊन सेट व्हाया इंटरनेट करा, नाहीतर हाताने तारीख घाला, आणि मग साईन इन. हे तात्पुरतं झालं. कायमचं म्हणजे सेल बदलणं, कणकवलीला वगैरे चांगला रिपेअरवाला बघा आणि त्याला वायर-कनेक्टरवाला सेल मागवायला सांगा. साध्या सेलवर सोल्डरिंग मारून देतो म्हणाला तर नको म्हणा, सेल तापवणं चांगलं नाही. उघडलंच आहे तर कनेक्टर गंजलाय का तेही बघून घ्या, आपल्याकडची खारी हवा खिळासुद्धा सोडत नाही. आणि हो, विजांच्या वेळी प्लग काढायची सवय अजिबात सोडू नका, घड्याळ परत लावता येतं, जळलेलं मशीन नाही.

तारीख बरोबर असूनही अडलं तर नेटवर्क सेटिंग्जमध्ये इंटरनेट कनेक्शन टेस्ट चालवा. इंटरनेटच फेल आलं तर मग वायफाय बघायचं, पीएस३ला फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय दिसतं, नवीन राउटरचं ५वालं त्याला दिसतच नाही. इंटरनेट पास आणि साईन इन फेल असेल तर सिस्टिम अपडेट राहिलंय का बघा, जुन्या व्हर्जनवर आत घेत नाहीत. अपडेट पेनड्राईव्हवरूनही होतं, पेनड्राईव्ह फॅट३२ या प्रकारात फॉरमॅट केलेला हवा, आणि फाईल दुसऱ्यांदा डाउनलोड केली की नावापुढे कंसात आकडा येतो तो राहिला तर मशीनला फाईल सापडत नाही, लोक इथे फार डोकं आपटतात.

अजून एक. दिरांनी अकाउंटला टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावलं असेल तर नेहमीचा पासवर्ड पीएस३वर चालत नाही, कारण ओटीपी विचारायची सोयच त्या मशीनमध्ये नाही. त्यांनी फोनवरून अकाउंटच्या सिक्युरिटी सेटिंगमध्ये जाऊन डिव्हाईस सेटअप पासवर्ड काढायचा आणि पासवर्डच्या जागी तो टाकायचा. खरं तर मुलाचं वेगळं अकाउंटच काढा, दिराचं कार्ड जोडलेलं असेल तर उगाच घरात वाद.

रिस्टोअर पीएस३ सिस्टिम मात्र कोणी कितीही सांगितलं तरी करू नका, सेव्ह केलेले सगळे गेम जातील. आणि मुलाला आधीच सांगून ठेवा, साईन इन झालं म्हणजे सगळं ऑनलाईन खेळता येईल असं नाही. पीएस३वरचं जीटीए ऑनलाईन, इंटरनेटवर बाकीच्यांबरोबर खेळायचा गेम, डिसेंबर २०२१ मध्येच बंद झालं. डिस्कवरचे गेम एकट्याने खेळायला साईन इन लागतच नाही, पावसात लाईट असेल तेवढा वेळ खुशाल खेळू दे.

प्रश्न : भाचीचा निन्टेंडो थ्रीडीएस (हातात धरून खेळायचं गेमचं मशीन) ऑनलाईन मैत्रिणींशी जोडतच नाही, राउटर, तारीख सगळं बघून झालं.
– एक मामा, अलिबाग

उत्तर : मामा, राउटरचा पिच्छा सोडा. थ्रीडीएस आणि वी यू (त्याच कंपनीचं टीव्हीला जोडायचं मशीन) यांचं ऑनलाईन खेळणं निन्टेंडोनेच एप्रिल २०२४ मध्ये बंद केलंय, नवीन गेम विकत घ्यायचं तर मार्च २०२३ पासूनच नाही. आधी घेतलेले गेम परत डाउनलोड करायची सोय ठेवलीय, ते काय काय आहेत बघून लवकर मशीनमधल्या मेमरी कार्डात भरून घ्या. आणि मैत्रिणीकडेही थ्रीडीएस असेल तर दोघींना एकाच खोलीत बसवा, लोकल वायरलेसला इंटरनेट लागत नाही.