ऐकता ऐकता : ‘हा अल्बम अर्धवटच सोडलाय का?’

गेल्या अंकात मी ‘मॅडव्हिलनी’ हा अमेरिकन हिप-हॉप (ठेक्यावर लयीत शब्द बोलण्याचं संगीत) अल्बम ऐकायला सुचवला होता आणि ऐकून जे वाटेल ते कळवा, राग आला तर तोही कळवा, असं म्हटलं होतं. अल्बम मार्च 2004 चा, स्टोन्स थ्रो या कॅलिफोर्नियातल्या छोट्या कंपनीनं काढलेला. संगीत मॅडलिबचं, शब्द आणि आवाज बहुतेक एमएफ डूमचे, आणि या जोडीचं नाव मॅडव्हिलन. पत्रं आली. रागाचीच जास्त. त्यांतली पाच घेते.

ताई, मुलीनं कानाला हेडफोन लावून दिला. बावीस तुकडे, पाऊण तासात सगळे संपले. मुखडा परत येत नाही, अंतरा कुठला ते कळत नाही, गाणं रंगतंय म्हणावं तोवर बंद. मागे जुन्या रेकॉर्डची खरखर. हे अर्धवट सोडलंय का? — निवृत्त अभियंता, कराड

काका, तुम्ही ‘तुकडे’ हा शब्द वापरलात आणि माझं काम सोपं केलंत. मी चाळीस वर्षं तबला शिकवते. आमच्याकडे तुकडा म्हणजे तुटलेली वस्तू नव्हे. तुकडा ही पूर्ण रचना असते. तालाच्या चार-दोन आवर्तनांत सुरू होते, तिहाई घेते म्हणजे एकच बोल तीनदा म्हणते, समेवर म्हणजे पहिल्या मात्रेवर येते आणि संपते. कायदा म्हणजे एकच बोल उलटसुलट करत, पलटे घेत वाढवायची रचना; तसा तुकड्याचा विस्तार करायचा नसतो. आपल्या कानांना गाण्यात कायदा ऐकायची सवय आहे. मुखडा घ्यायचा, पलटे करायचे, परत मुखड्यावर यायचं. ‘मॅडव्हिलनी’त बहुतेक ठिकाणी मुखडाच नाही. डूम येतो, दोन मिनिटं बोलतो, जातो.

या संगीताचा बराच भाग मॅडलिबनं 2002 मध्ये ब्राझीलला, साओ पावलोच्या हॉटेलच्या खोलीत केला. हाताशी नेता येईल असा रेकॉर्ड प्लेअर, कॅसेट डेक आणि एसपी-303 नावाचा छोटा सॅम्पलर. सॅम्पलर म्हणजे रेकॉर्डवरचे काही क्षण उचलून साठवणारं आणि बोटानं दाबलं की परत वाजवणारं यंत्र. तिथल्या दुकानांतून घेतलेल्या ब्राझिलियन रेकॉर्डही त्यात आल्या. ‘कर्ल्स’ आणि ‘राइनस्टोन काउबॉय’ या गाण्यांत त्या ऐकू येतात. खरखर पुसता आली असती, पण त्यानं ती ठेवली. मला ती आवडते. मिरजेच्या घरी वडील रेकॉर्ड लावायचे तेव्हा सूर सुरू होण्याआधी तीच खरखर यायची आणि आम्ही मुलं गप्प व्हायचो.

मी आधी इंटरनेटवर फुटलेली जुनी आवृत्ती ऐकली, मग खरा अल्बम. जुनीत डूमच्या आवाजात जोर आहे. अल्बममध्ये तो पेंगुळल्यासारखा वाटतो. असं म्हटलं की मित्र अंगावर येतात. मी चूक आहे का? — विद्यार्थी, नाशिक

चूक नाहीस. अल्बम आला तेव्हाही ऐकणाऱ्यांत याच मुद्द्यावर दोन तट पडले होते. ब्राझीलच्या त्या दौऱ्यात कच्च्या ध्वनिमुद्रणाची टेप हातची गेली आणि अल्बम निघायच्या वर्षभर आधीच ती इंटरनेटवर पसरली. दोघांचं मन इतकं उडालं की काम बाजूला पडलं आणि दोघंही आपापल्या दुसऱ्या कामांकडे वळले. परत एकत्र आले तेव्हा डूमनं बरेच शब्द नव्यानं म्हटले, तेही खालच्या, सैल, शांत आवाजात. ज्यांनी वर्षभर जोरकस टेप ऐकली होती त्यांना हा आवाज थकलेला वाटला.

मला मात्र नवीनच बरा वाटतो, आणि त्याचं कारण सांगते. जोरात बोलणारा माणूस ताल दाखवत असतो. डूम इथे ताल दाखवत नाही, तो मनात धरून बोलतो. ठेका सांभाळायला मागे मॅडलिब आहे, म्हणून हा किंचित मागे रेंगाळू शकतो आणि नेमका शब्द नेमक्या मात्रेवर टाकू शकतो. विलंबित लयीत मात्रा सांभाळणं द्रुतपेक्षा अवघड असतं, हे वर्गात पहिल्या वर्षीच कळतं. तू दोन्ही ऐकलीस ही चांगली गोष्ट झाली. मित्रांना सांग, आधी जुनी टेपही ऐका आणि मग भांडा.

मी इंग्रजी शिकवते. शब्द कळतात, पण वाक्याला वाक्य लागत नाही. खाणं, दारू, कार्टून, टीव्ही असा कशाचाच कशाशी संबंध नसलेला मजकूर. याला काव्य का म्हणायचं? — शिक्षिका, अकोला

बाई, अर्थ शोधत गेलात तर हाताला काही लागणार नाही, निदान पहिल्यांदा नाही. मीही पहिल्यांदा चौथ्या गाण्यावर बंद केलं होतं. नंतर माझ्या एका विद्यार्थ्यानं कागदावर शब्द उतरवून आणले आणि जुळणाऱ्या अक्षरांना रंगीत पेन्सिलीनं खुणा केल्या. कागद भरून गेला.

आपण यमक म्हणजे ओळीच्या शेवटचा शब्द जुळणं असं शाळेत शिकतो. डूम अख्खे अक्षरगट जुळवतो. मराठीत करून दाखवते : ‘चहा गार झाला’ आणि ‘पहा, वार आला’. सहा अक्षरं, सगळे स्वर जवळपास तेच. आता असा जोड ओळीच्या मध्यावर ठेवा, दुसरा जोड त्याच्यात अडकवा, वाक्य ओळीच्या शेवटी न संपवता पुढच्या ओळीत ओढा, आणि हे सगळं गप्पा मारल्यासारखं म्हणा. वामन पंडितांना लोक ‘यमक्या वामन’ म्हणत. त्यांच्या आणि मोरोपंतांच्या वाचकाला ही हौस परकी वाटू नये. अर्थासाठी यमक शोधणारे कवी असतात, तसे यमकाच्या ओढीनं भलत्याच अर्थापर्यंत जाऊन पोचणारेही असतात. डूम दुसऱ्या जातीचा आहे. कार्टूनवरून दारूवर तो उडी मारतो ती ध्वनीच्या फळीवरून.

शिवाय सगळंच असंबद्ध नाही. ‘स्ट्रेंज वेज’ पोलीस, रस्त्यावरची पोरं आणि युद्ध यांबद्दल आहे, आणि ते सरळ कळतं. तिथून सुरुवात करा.

दुसऱ्यांच्या रेकॉर्ड कापून चिकटवायच्या आणि स्वतःचं नाव लावायचं, ही चोरी नाही का? आमच्या आर. डी. बर्मनचंही उचललंय म्हणे. — वाचक, कोल्हापूर

उचललंय. ‘शॅडोज ऑफ टुमॉरो’मध्ये ‘महाचोर’ (1976) या चित्रपटातल्या ‘हिंदू हूँ मैं ना मुसलमान हूँ’चा तुकडा आहे, आणि त्यावर जाझ संगीतकार सन रा यांचे शब्द म्हटले आहेत. मॅडलिबला आपल्या चित्रपटसंगीताचं खरंच वेड आहे. पुढे 2007 मध्ये त्यानं भारतीय रेकॉर्डांवर बेतलेला स्वतंत्र अल्बमही काढला.

चोरीचा प्रश्न मी टाळणार नाही. न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयानं 1991 मध्ये रॅपर बिझ मार्कीच्या प्रकरणात निकाल दिला आणि त्याची सुरुवातच बायबलमधल्या ‘चोरी करू नकोस’ या आज्ञेनं केली. तेव्हापासून तिथे परवानगी घेऊन पैसे मोजणं मोठ्या कंपन्यांना भाग पडलं. माझंही मत तेच : ज्याचा सूर घेतला त्याचं नाव छापावं आणि त्याला पैसे द्यावेत. आपल्याकडच्या स्टुडिओंत वाजवणाऱ्या कितीतरी वादकांची नावं मुळात रेकॉर्डच्या वेष्टनावरही आली नाहीत. माझे काका त्यांपैकी एक होते. अशा वादकाचं वाजवणं उचललं गेलं की त्या माणसाचं नाव दुसऱ्यांदा पुसलं जातं, आणि याचं मला मनापासून दुःख आहे.

पण कापणं ही कला नाही असं मी म्हणणार नाही. तीन मिनिटांच्या गाण्यातले नेमके दोन सेकंद कोणते, ते कुठे तोडले तर स्वतःभोवती फिरतील, हे ओळखणारा कान रोज रियाज केल्याशिवाय येत नाही.

डूम मुखवट्याआड तोंड का लपवतो? प्रसिद्धीची युक्तीच ना? — महाविद्यालयीन विद्यार्थिनी, चिपळूण

तू चिपळूणची, म्हणजे कोकणातल्या नमन-खेळ्यातला, मुखवटा घालून नाचणारा संकासुर तू पाहिला असशील. मुखवटा चढला की आतला माणूस कोण हे कुणी विचारत नाही.

डूमचं खरं नाव डॅनियल डुमिले. जन्म लंडनचा, 1971 चा, वाढला न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर. तरुणपणी धाकट्या भावासोबत केएमडी या गटात उघड्या तोंडानं गात असे. 1993 मध्ये भाऊ, डीजे सबरॉक, गाडीच्या धडकेत गेला. दोघांचा दुसरा अल्बम जवळजवळ तयार होता. पुढच्या वर्षी मुखपृष्ठावरच्या चित्रावरून वाद झाला, कंपनीनं तो काढलाच नाही आणि गटाचा करारही संपवला. त्यानंतर काही वर्षं हा माणूस कुणाला दिसला नाही. परत आला तो न्यूयॉर्कच्या एका कवी-कॅफेत, तोंडावर पायमोजा ओढून. धातूचा मुखवटा नंतरचा, मार्व्हल कॉमिक्समधल्या खलनायक डॉक्टर डूमच्या धर्तीचा.

त्यामुळे मला ही युक्ती वाटत नाही. चेहरा गेला आणि सोंगं मोकळी झाली. या अल्बममधलं ‘फॅन्सी क्लाउन’ ऐक. त्यात तो व्हिक्टर व्हॉन या आपल्याच दुसऱ्या सोंगाच्या तोंडून प्रेयसीशी भांडतो, कारण तिनं त्याला सोडून मुखवटेवाल्या डूमला जवळ केलंय. फसवणारा तोच आणि फसलेलाही तोच.

तो गेला 31 ऑक्टोबर 2020 ला, इंग्लंडमध्ये लीड्स इथे. घरच्यांनी ते जगाला सांगितलं 31 डिसेंबरला. त्या संध्याकाळी रंगीत पेन्सिलीवाल्या माझ्या विद्यार्थ्याचा फोन आला. काही बोलला नाही, त्यानं फोन स्पीकरजवळ धरला आणि ‘अकॉर्डियन’ लावलं. दोन मिनिटांचं गाणं. संपलं तेव्हा आम्ही दोघं हातावर मात्रा मोजत होतो.