वाचकांचे प्रश्न : महामार्गाचे काम आणि वाहिन्या हलवण्याचा करार

प्रश्न : महामार्ग रुंदीकरणात पाण्याच्या, विजेच्या, दूरसंचाराच्या वाहिन्या हलवण्यासाठी आमच्या विभागाचा एक जुना छापील करार आहे. तो सुधारायचा आहे. सुरुवात कुठून करावी?

उत्तर : आधी त्याचे दोन भाग करा. जबाबदारी, विमा, हिशेब तपासणी, वाद मिटवण्याची रीत हे सारे मूळ करारात ठेवा आणि कामागणिक बदलणारे सगळे परिशिष्टात घाला. मूळ करार विधी विभागाकडून एकदा तपासून घेतला, की पुढच्या कामाला फक्त परिशिष्टावर सह्या लागतात. सगळे एकाच कागदात असले, तर एका केबलचा मार्ग बदलला तरी अख्खी फाइल पुन्हा फिरते.

कराराचा खरा जीव आहे तो परिशिष्टातल्या अडथळ्यांच्या, म्हणजे वाहिनी नव्या कामाच्या आड येते अशा जागांच्या, तक्त्यात. ‘रस्त्याच्या हद्दीतील सर्व वाहिन्या हलवणे’ या मोघम वाक्यातूनच बहुतेक भांडणे निघतात. त्याऐवजी प्रत्येक अडथळ्याला स्वतंत्र ओळ द्या. उदाहरणार्थ : चेनेज (रस्त्याच्या सुरुवातीपासूनचे अंतर) २+३४०, म्हणजे २ किमी ३४० मीटर, मध्यरेषेच्या डावीकडे ११ मीटर, २०० मिमी जलवाहिनी, पाइपचा माथा १.२ मीटर खोल, नव्या गटाराचा तळ १.५ मीटर खोल. शेवटच्या रकान्यात निर्णय लिहा : वाहिनी हलवायची, जागीच संरक्षण द्यायचे, की रस्त्याचा आराखडा बदलायचा. अशी ओळ समोर आली, की गटारच मीटरभर सरकवून भागेल का, हे कोणीतरी विचारतेच. मोघम वाक्य वाचून तो प्रश्न कोणालाच सुचत नाही.

प्रश्न : तक्त्यातली खोली जुन्या नकाशावरून घेतली आणि खोदल्यावर पाइप भलतीकडेच निघाला. वाढीव खर्च कोणाचा?

उत्तर : करारात माहितीची प्रत, म्हणजे ती किती खात्रीची आहे हे, लिहिलेली नसेल, तर याचे उत्तर कोणीच देऊ शकत नाही. म्हणून तक्त्यात तो रकाना हवाच. अमेरिकेतील सिव्हिल इंजिनिअरांच्या संस्थेचे ‘एएससीई ३८’ हे मानक २००२ साली आले आणि २०२२ मध्ये सुधारले गेले. त्यातल्या माहितीच्या चार प्रती उपयोगी पडतात. ‘डी’ म्हणजे नुसत्या कागदी नोंदी. ‘सी’ म्हणजे जमिनीवर दिसणारी झाकणे, व्हॉल्व्ह चेंबर मोजून त्या नोंदींशी जुळवणे. ‘बी’ म्हणजे लोकेटर, रडार अशा उपकरणांनी न खोदता वरूनच घेतलेला शोध. ‘ए’ म्हणजे वाहिनी प्रत्यक्ष उघडी करून घेतलेले मोजमाप.

‘बी’ प्रतीवरून जागा बऱ्यापैकी कळते, पण खोलीसाठी तिच्यावर विसंबू नका. प्लॅस्टिकच्या पाइपसोबत धातूची तार टाकलेली नसेल, तर विद्युतचुंबकीय लोकेटरला तो सापडत नाही, आणि ओल्या चिकणमातीत रडारचा संकेत लवकर विरतो. तेव्हा कलम असे घाला : जिथे अडथळा खोलीचा आहे, तिथे सह्या होण्याआधी चाचणी खड्डा घेतलाच पाहिजे. तो हाताने किंवा व्हॅक्यूम यंत्राने घ्यावा. खोदाई यंत्राच्या दातांनी घेतलेला खड्डा वाहिनी शोधण्याऐवजी फोडतो. खड्डा न घेताच पुढे जायचे ज्याने ठरवले, वाढीव खर्चही त्यानेच सोसावा.

प्रश्न : ‘नोटिशीपासून ९० दिवसांत काम पूर्ण’ असे कलम असूनही उशीर होतो. दंड वाढवावा का?

उत्तर : दंड वाढवून काही साधत नाही. मोजणी चुकीच्या क्षणी सुरू होते, तिथे दुरुस्ती करा. जमीन ताब्यात नाही, झाडे उभी आहेत, नव्या रस्त्याची पातळी जागेवर आखलेली नाही, आणि नोटिशीचे दिवस मात्र चालू. दिवस मोजायचे ते या तिन्ही गोष्टी मार्गी लागल्याचे जागेवर संयुक्तपणे पाहून सह्या झाल्यावर.

मग प्रत्येक वाहिनीचे टप्पे मोकळे करून लिहा. पाण्याची नवी लाइन गाडली म्हणजे काम संपत नाही. दाब चाचणी, धुलाई, क्लोरिनने निर्जंतुकीकरण, नमुन्याचा प्रयोगशाळेतील अहवाल आणि मगच पुरवठा बंद ठेवून जोडणी. फायबर केबल अडथळ्याच्या दोन्ही बाजूंना कापून मध्ये तुकडा जोडणे टाळतात, कारण प्रत्येक जोड सिग्नल कमी करतो. त्यामुळे हलवायचे ५० मीटर असले, तरी एका जॉइंटपासून दुसऱ्यापर्यंतची पूर्ण केबल बदलावी लागू शकते.

क्रमही ठरवा. उतारावर वाहणारी सांडपाण्याची वाहिनी आधी, कारण तिची खोली मनासारखी बदलता येत नाही. दाबाखालची जलवाहिनी तिला वळसा घालू शकते, केबल तर सहज.

प्रश्न : वाहिनी ज्या संस्थेची आहे तिला २०० मिमीऐवजी ३०० मिमी पाइप टाकायचा आहे. पैसे कोणी द्यायचे?

उत्तर : दोन्ही व्यासांची अंदाजपत्रके शेजारी-शेजारी जोडा आणि फरक संस्थेकडून घ्या. पाइप, व्हॉल्व्ह, बेंड, रुंद चराची वाढीव खोदाई असा फरक बाबनिहाय दाखवा. ठोक टक्केवारी लावली तर हिशेब तपासणीत टिकवणे अवघड जाते. मात्र जुना व्यास आता बनतच नसेल किंवा सध्याच्या नियमाने मोठा व्यास सक्तीचा असेल, तर ती सुधारणा मानून संस्थेकडून फरक घेऊ नये. हा अपवाद करारातच लिहा. काढलेल्या चांगल्या सामानाची किंमत खर्चातून वजा होईल, हेही लिहा.

प्रश्न : जुना पाइप जमिनीतच सोडला तर चालेल?

उत्तर : चालेल, पण मोठ्या व्यासाचा पाइप ग्राउटने (सिमेंटच्या पातळ मिश्रणाने) भरून घ्या, नाहीतर पुढे तो कोसळून रस्ता खचतो. मालकी कोणाकडे राहील ते लिहा आणि ‘बंद’ असा शेरा मारून तो अंतिम नकाशावर दाखवा. ॲस्बेस्टॉस सिमेंटचा पाइप असेल तर तसे स्पष्ट नोंदवा. पुढे खोदणाऱ्याने तो नकळत करवतीने कापला, तर धूळ त्याच्या फुप्फुसात जाईल.