'नाकारली' की 'मानवली नाही'?

प्रश्न असा आलाय : बसवलेली किडनी बिघडू लागली की 'शरीराने किडनी नाकारली' म्हणावं, की 'किडनी मानवली नाही'? दुसरं जास्त मराठी वाटतं, असं विचारणाऱ्यांचं म्हणणं.

वाटतं खरं. कुणाला मुंबईची हवा मानवत नाही, कुणाला म्हशीचं दूध. पण 'मानवत नाही' म्हणताना कुणी काही करत नसतं, नुसतं जमत नसतं. इथे शरीर करतं. रक्तातल्या टी-पेशी, म्हणजे रोगांशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, परका अवयव ओळखून त्याच्यावर चालून जातात. १९५४ साली बॉस्टनमध्ये जोसेफ मरे यांनी बसवलेली किडनी टिकली, कारण देणारा आणि घेणारा एकसारखे दिसणारे जुळे भाऊ होते; शरीराला ती परकी वाटलीच नाही. तिथे 'मानवली' खुशाल म्हणा. बाकीच्यांना हा हल्ला दाबून ठेवणाऱ्या टॅक्रोलिमससारख्या गोळ्या कायमच्या. 'आता मानवली' असं समजून गोळ्या सोडल्या, तर कित्येक वर्षांनीही शरीर उलटतं. या शब्दाची मला भीती वाटते ती म्हणूनच.

तेव्हा क्रियापद 'नाकारणे'च. माझी हरकत त्याच्या भूतकाळाला आहे.

माझ्या मावसभावाला मावशीची किडनी बसवली होती. चौथ्या महिन्यात क्रिएटिनिन (किडनी नीट चालत नसली की रक्तात वाढणारा टाकाऊ पदार्थ) १.२ वरून २.४ वर गेलं, बायोप्सी झाली आणि वॉर्डच्या दारात कुणीतरी सांगून गेलं, "बॉडीने किडनी नाकारलीय." मावशी बाकावर बसली आणि म्हणाली, "माझंच काहीतरी वाईट गेलं त्याच्या अंगात." तिच्यापुरतं सगळं संपलं होतं. खरं तर उपचार अजून सुरू व्हायचे होते. तीन दिवस शिरेतून स्टेरॉइड दिलं, क्रिएटिनिन हळूहळू १.४ वर आलं. ती किडनी आजही चालते आहे.

रुग्ण आपसांत 'रिजेक्शन आलंय' म्हणतात, ताप आला म्हणावं तसं. आलेलं जाऊही शकतं, हे त्या 'आलंय'मध्ये आहे. मराठीत तेच हवं असेल तर 'शरीर किडनी नाकारू लागलंय' म्हणा. 'अस्वीकार' हे नाम माहितीपत्रकाच्या मथळ्याला ठीक, घरच्यांशी बोलताना नको. आणि किडनी खरंच बंद पडून पुन्हा डायलिसिस लागलं, तर 'किडनी गेली' हे घरोघरी कळतं. 'नाकारली' म्हणायचंच असेल तर तिथे म्हणावं.