क्रीमने बहिणीचा चेहरा लाल झालाय. बेसातल्या स्किनच्या मॅडमना दाखवावं की धंतोलीलाच जावं?

तुम्ही लिहिलंय की लहान बहीण वर्षभर गोरेपणाचं एक क्रीम लावत होती. आता चेहरा लाल होतो, उन्हात जळतो आणि क्रीम बंद केलं की दोन दिवसांत आणखी भडकतो. घराजवळच, नागपूरच्या बेसा भागात, स्किनच्या एक मॅडम बसतात, पण घरचे म्हणतात, दाखवायचं तर शहरातल्या मोठ्या दवाखान्यांच्या भागात, धंतोली-रामदासपेठेतच.

मीही अशीच एक स्किनची मॅडम आहे, बेसाची नाही, कोराडी रोडची. तुमच्या मॅडमना मी ओळखत नाही. पण असा चेहरा घेऊन माझ्याकडे दर आठवड्याला कुणी ना कुणी येतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी एक करा. ती ट्यूब फेकू नका, संपली असली तरी.

गेल्या मे महिन्यात, ऐन नवतपात, म्हणजे उन्हाच्या सर्वात कडक नऊ दिवसांत, एक मुलगी आईसोबत आली होती. तोंडाला दुपट्टा गच्च बांधलेला. कूलरसमोर पाच मिनिटं बसली, तेव्हा कुठे तो सोडला. दोन्ही गाल लालभडक, त्यावर बारीक पुटकुळ्या आणि हनुवटीवर नव्याने आलेली लव. आई म्हणाली, "उन्हानं झालं मॅडम." मी क्रीम विचारलं. मुलीने पर्समधून रुमालाची घडी काढली. आत ट्यूब होती, टूथपेस्टसारखी शेपटाकडून गुंडाळत आणलेली. मोबाइलचा टॉर्च लावून मागची बारीक अक्षरं तिलाच वाचायला लावली: मोमेटासोन, हायड्रोक्विनोन, ट्रेटिनोइन. यातलं पहिलं स्टिरॉइड. हे मिश्रण वांगासाठी आहे, तेही डॉक्टरांच्या नजरेखाली आणि थोडेच आठवडे लावायचं. ती पावणेदोन वर्षं लावत होती. कॉलेजातल्या मैत्रिणीने नाव सांगितलं होतं आणि दुकानदाराने चिठ्ठी न विचारता दिलं होतं. स्टिरॉइडची अशी १४ मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत, असं केंद्र सरकारने २०१८ सालीच ठरवलं, तरी ती सर्रास मिळतात याचा मला मनापासून राग येतो.

स्टिरॉइडने रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून सुरुवातीला चेहरा उजळ दिसतो. महिनोन्‌महिने लावलं की कातडी पातळ होते, वाहिन्या फुगल्यासारख्या होतात. मग क्रीम बंद केलं की त्या उसळून वर येतात. बहिणीला वाटत असेल की क्रीम सोडल्यामुळे चेहरा बिघडला. तसं नाही, बिघडवलं क्रीमनेच. पण म्हणून आपल्या मनाने ते पुन्हा सुरू करायचं नाही. एकदम बंद करायचं की हळूहळू कमी करत न्यायचं, हे चेहरा पाहून डॉक्टर ठरवतील. तोवर साधा बिनवासाचा मॉइश्चरायझर लावायचा, चेहरा गार पाण्याने धुवायचा आणि उन्हात जाणं टाळायचं. लिंबू, बेसन, संत्र्याच्या सालीची पूड यातलं काहीच लावू नका. आपल्या नागपुरात संत्र्याची साल घरोघरी वाळवतात, पण अशा सोललेल्या कातडीवर ती आगीसारखी लागते.

आता बेसा की धंतोली? पत्त्यावर जाऊ नका, पाटी वाचा. एमबीबीएसनंतर त्वचारोगात एम.डी. किंवा डी.एन.बी. केलेलं असावं, नाहीतर डी.डी.व्ही.एल. हा डिप्लोमा. चिठ्ठीवर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक असतो. पाटीवर नुसतं 'कॉस्मेटॉलॉजिस्ट' असेल तर आधी मूळ डिग्री विचारा. त्यात संकोच कसला? माझं एम.डी. इथलंच, मेडिकलचं, म्हणजे नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजचं. तीन वर्षं ओपीडीत रोज इतके पेशंट पाहिले की आज बोटं आपोआप योग्य जागी जातात.

त्याच्याही आधीचं एक सांगते, कारण माझ्या कामाशी त्याचा संबंध आहे. मी वरोऱ्याची. बाबा आमटेंचं आनंदवन आमच्या घरापासून जवळ. कुष्ठरोगाने बोटं गेलेली माणसं मी लहानपणापासून कामं करताना पाहिली. त्यामुळे अंगावर फिकट चट्टा घेऊन कुणी आलं की मी आधी डोळे मिटायला सांगते. कापसाचा बारीक धागा चट्ट्यावर टेकवते आणि म्हणते, लागलं तिथे बोट ठेवा. कुणाचं बोट लगेच येतं. कुणी नुसतं डोळे मिटून बसून राहतं, कारण त्यांना काही कळलेलंच नसतं. अशा वेळी मी सगळं बाजूला ठेवते, कारण बधिर चट्टा ही कुष्ठरोगाची खूण असू शकते. वेळेत सापडलं तर सरकारी दवाखान्यातल्या फुकट गोळ्यांनी ६ किंवा १२ महिन्यांत माणूस बरा होतो, हातपाय वाकडे होत नाहीत. विदर्भात हा आजार अजून संपलेला नाही.

बाकी माझ्याकडे पिंपल, केस गळणं, कोड, खरूज असं सगळं येतं. सर्वात जास्त नायटा. पॉवर स्टेशनच्या कामावरचे भाऊ घामाच्या कपड्यात दिवस काढतात आणि दुकानातून तीन-चार औषधं एकत्र केलेलं मलम आणतात. त्यातही स्टिरॉइड असतं. खाज थांबते, पण नायटा पसरतच राहतो. अशा वेळी मी घरातल्या सगळ्यांना बोलावते, टॉवेल वेगळे करायला लावते. एकट्याला औषध देऊन उपयोग होत नाही. लेझर, पील (औषध लावून वरची कातडी सोलणं) वगैरेही आहे, पण लालभडक चेहऱ्यावर पहिल्याच भेटीत कुणी पील करू म्हणालं तर तिथून उठा.

जवळच्या डॉक्टरचा खरा फायदा तुमच्या बहिणीसारख्यांनाच होतो. हा चेहरा शांत व्हायला काही महिने लागतात. मधे दोन-तीनदा भडकतो, पोरी रडतात, पुन्हा त्याच ट्यूबकडे हात जातो. तेव्हा अर्ध्या तासात जाऊन दाखवता यायला हवं. पाटी नीट असेल तर बेसालाच जा. मॅडमना वाटलं तर त्याच पुढे पाठवतील. मीही अवघड पेशंट मेडिकलला पाठवते.

जाल तेव्हा चेहऱ्याला काही लावून नेऊ नका, पावडरसुद्धा नको. ट्यूब घ्या, आणि जमलं तर वर्षभरापूर्वीचा तिचा एखादा फोटो. बहीण गरोदर असेल किंवा तसा विचार असेल तर ते आधीच सांगा, काही गोळ्या तेव्हा अजिबात चालत नाहीत.